चामखीळ व पॅपिलोमा व्हायरस

चामखीळ : त्वचेच्या सर्वांत बाहेरील थरातील कोशिकांची मर्यादित पण अवाजवी वाढ होऊन तयार झालेला टणक, खरखरीत उंचवटा. ही वाढ मानवी पॅपिलोमा व्हायरस या गटातील काही प्रकारांमुळे होते. या गटाचे दोनशेहून अधिक प्रकार आतापर्यंत ओळखले गेले असून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. हातापायांवर चामखीळ उत्पन्न करणारे प्रकार (मुख्यतः १, २ व ४) आणि स्त्रियांच्या गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगास कारणीभूत होणारे प्रकार (मुख्यतः १६ व १८) भिन्न आहेत. हाताच्या चामखिळीचे रूपांतर ग्रीवेच्या कर्करोगात होत नाही. तथापि दोघांचे कूळ एक आहे. चामखीळ डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावरील उपाय प्राचीन ग्रंथांतही सापडतात. ग्रीवेतील संसर्ग दिसत नाही व दुखतही नाही, म्हणून विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडेपर्यंत त्याचा कोणास पत्ता नव्हता.

प्राचीन वैद्यकातील उल्लेख : ‘चामखीळ’ हा शब्द संस्कृत ‘चर्मकील’ या शब्दापासून आला असून त्वचेत ठोकलेल्या खिळ्यासारखी वाढ असा त्याचा अर्थ आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात चर्मकीलाचे वर्णन अर्श म्हणजे मूळव्याधीच्या अध्यायात आले आहे. मषक (मस), तिलकालक (तीळ) आणि पायाच्या तळव्यास होणारे कदर (कुरूप किंवा भोवरी) हे विकार मात्र क्षुद्ररोगांत, वेगळ्या अध्यायात घातले आहेत. चर्मकील ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात पुरुषाच्या व स्त्रीच्या जननेंद्रियांवर उगवणाऱ्या मांसल वाढींचेही वर्णन असून स्त्रियांतील वाढी छत्रीच्या आकाराच्या, मऊ व दुर्गंधी रक्तमिश्रित स्राव असलेल्या असतात, असे म्हटले आहे. हे वर्णन जननेंद्रियांवरील चामखिळींशी बरेच जुळते. सुश्रुतास व्हायरसाची कल्पना असणे शक्य नव्हते व त्याचे वर्गीकरण वातकफादी दोषांवर आधारलेले आहे. तरीही त्वचेवरील खिळा आणि गुप्तांगावरील कोंब यांना त्याने शेजारी बसविले, हे लक्षणीय आहे. उपचार म्हणून वाढ शस्त्राने कापून काढावी व उरलेला भाग क्षाराने किंवा अग्नीने जाळावा, असे चिकित्सास्थानात सांगितले आहे. आजच्या विद्युत्‌दहनाचे तत्त्व याहून फार निराळे नाही.

लोकवैद्यकातील उपाय : खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व (१९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या) नंदुरबार या जिल्ह्यांत, चामखिळीवरचा ओळखीचा घरगुती उपाय बिब्ब्याचा आहे. बिब्बा किंवा भिलावा हा वृक्ष सातपुड्याच्या पानझडी जंगलात वाढतो. चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांचा उत्तर भाग या डोंगररांगेतच मोडतो. फळाच्या कवचात असलेले काळे, चिकट तेल पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी वापरीत. तापविलेल्या सुईच्या टोकाने हे तेल चामखिळीवर टेकवले की तेथील त्वचा जळते व काही दिवसांनी खपली धरून वाढ गळून पडते. उपाय अगदीच निष्फळ नव्हे. परंतु या तेलातील फिनॉलवर्गीय द्रव्ये तीव्र दाहक असून अनेकांच्या त्वचेस त्यांची अधिहृषता (अ‍ॅलर्जी) असते. थेंब पसरल्यास भोवतालची निरोगी त्वचा फोडांनी भरून येते, पुढे काळा डाग किंवा व्रण राहतो आणि चेहऱ्यावर लावल्यास डोळे सुजतात. बिब्बे फोडून आतील गोडंबी काढणाऱ्या मजुरांचे हात पाहिले असता या तेलाची दाहकता वेगळी सांगावी लागत नाही. चालत्या कामात विघ्न आणणे या अर्थाने मराठीत ‘बिब्बा घालणे’ असा वाक्प्रचार रूढ झाला आहे, तोही या फळाविषयीचे लोकांचे मत पुरेसे स्पष्ट करतो.

चुना व धुण्याचा सोडा यांचे मिश्रण लावणे, घोड्याच्या शेपटीच्या केसाने चामखिळीचे मूळ आवळून बांधणे हे उपाय महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. केसाने बांधण्याचा उपाय देठ असलेल्या लोंबत्या वाढीपुरताच चालतो. पुष्कळदा अशी वाढ चामखीळ नसून त्वचेचा साधा लोंबता कोंब असते. याशिवाय नवस, मंत्र व उतारे आहेतच. या सर्वांना यश येते, याचे कारण चामखिळीच्या स्वभावात आहे. शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेस व्हायरसाची ओळख पटली की चामखीळ आपोआप नाहीशी होते. लहान मुलांतील बहुतेक चामखिळी सुमारे दोन वर्षांत अशा रीतीने जातात. जाण्याच्या बेतात असलेल्या चामखिळीवर जो उपाय शेवटी केला गेला, त्याला श्रेय मिळते. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या उपायांची इतकी ख्याती टिकवून धरणारे विकार थोडेच असतील.

कारणाचा शोध : चामखीळ एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हा अनुभव जुना होता. शास्त्रीय पुरावा १९०७ मध्ये मिळाला. इटालियन वैद्य जूझेप्पे चूफ्फो यांनी चामखीळ वाटून तिचा अर्क जंतूंना अडविणाऱ्या गाळणीतून गाळला व तो स्वतःच्या हातात टोचून घेतला. काही महिन्यांनी तेथे चामखिळी उगवल्या. कारण जंतूहून सूक्ष्म आहे, हे त्यावरून ठरले. १९३३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी रानसशांच्या अंगावरील शिंगांसारख्या वाढी अशाच गाळीव अर्काने होतात हे दाखविले आणि त्यांचे सहकारी पेटन राउस यांनी यांपैकी काही वाढींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते हे सिद्ध केले. सशातील हा शोध माणसास लागू पडेल असे त्या वेळी फारसे कोणास वाटले नाही. १९४९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चामखिळीतील व्हायरसकण प्रत्यक्ष दिसले.

व्हायरस त्वचेच्या बारीक खरचटीतून शिरतो व बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील कोशिकांत वस्ती करतो. कोशिका वर सरकत जातात तसतशी त्याची संख्या वाढते आणि पृष्ठभागावरून गळणाऱ्या मृत कोशिकांबरोबर तो बाहेर पडतो. रक्तात तो जवळजवळ उतरत नाही. म्हणूनच प्रतिरक्षा यंत्रणेस त्याचा सुगावा उशिरा लागतो. संसर्गापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात. ओलसर, भिजलेल्या व चिरलेल्या त्वचेत तो सहज शिरतो, त्यामुळे अनवाणी चालणारी माणसे आणि ज्यांचे हात सतत पाण्यात असतात अशी माणसे यांना धोका अधिक असतो. चामखीळ खाजविल्याने किंवा तिच्यावरून वस्तरा फिरविल्याने एकीच्या दहा होतात.

ग्रीवेच्या कर्करोगाचा मागोवा : दुसरी वाट निराळ्या दिशेने आली. १८४२ मध्ये इटलीतील व्हेरोना येथील मृत्युनोंदी तपासून दोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत आढळतो, जोगिणींत क्वचित आढळतो, असे दाखविले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी निरनिराळ्या समाजांत कर्करोगाचे प्रकार कसे बदलतात याकडे लक्ष वेधले. ग्रीवेचा कर्करोग हिंदू स्त्रियांत अधिक व पारशी आणि मुसलमान स्त्रियांत कमी, असे मुंबईच्या नोंदींत दिसत राहिले. विवाहाचे वय, बाळंतपणांची संख्या, स्वच्छता, सुंता अशी कारणे त्यासाठी सुचविण्यात आली. ही सर्व कारणे एका संसर्गाकडे बोट दाखवीत होती, पण तो संसर्ग कोणता हे कळण्यास आणखी तीन दशके लागली. १९६३ मध्ये भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी स्थापन केली, तिचेही या प्रश्नाच्या अभ्यासात मोठे साहाय्य झाले.

जर्मन व्हायरसशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन (१९३६–२०२३) यांनी १९७० नंतरच्या दशकात पॅपिलोमा व्हायरसांवर संशय धरला. जननेंद्रियांवरील चामखिळीतील व्हायरस त्यांना कर्करोगात सापडेना, तेव्हा त्या कुळातील दुसरा कोणी तरी असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. १९८३ मध्ये प्रकार १६ व १९८४ मध्ये प्रकार १८ त्यांच्या प्रयोगशाळेस ग्रीवेच्या कर्करोगात मिळाले. जगातील या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत हेच दोन प्रकार असतात. २००८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. संसर्ग सर्रास होतो व बहुतेक स्त्रियांत एकदोन वर्षांत नाहीसा होतो. ज्या थोड्यांत तो टिकतो त्यांच्यात दहा ते वीस वर्षांनी कर्करोग होण्याचा संभव असतो. हा मधला दीर्घ काळ म्हणजे रोग पकडण्याची संधी होय.

बार्शी व उस्मानाबाद येथील कार्य : ही संधी खेड्यातील स्त्रीपर्यंत कशी पोहोचवावी, हा खरा प्रश्न होता. खानदेशाचे या बाबतीतील चित्र आकड्यांनी मांडता येत नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी ग्रामीण आणि उस्मानाबाद-बीड या नोंदण्यांचा समावेश आहे. जळगाव व धुळे त्यांत नाहीत. शेतमजुरी करणाऱ्या, लवकर विवाह झालेल्या, वैद्याकडे न जाणाऱ्या मराठी स्त्रीविषयी जे निश्चित ज्ञान आहे, ते मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि त्यालगतच्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून आलेले आहे.

बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण भागातील देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. बार्शीत तसे करणे शक्य नव्हते, कारण रुग्णच रुग्णालयात येत नसत. म्हणून नोंदणीचे कर्मचारी बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगाव फिरले, गावकऱ्यांशी बोलले, अंगावरून अवेळी रक्त जाणे हे बाईने लपवून ठेवण्याचे लक्षण नाही हे त्यांनी सभांतून सांगितले आणि संशयित रुग्णांस तपासणीसाठी आणले. स्त्रियांतील कर्करोगांत तेथे ग्रीवेचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता. काही वर्षांतच, कोणतेही नवे यंत्र न आणता, पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. १९९५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या बोलण्याने इतका फरक पडावा, यावरून त्यापूर्वीचे मौन किती महाग पडले असेल याची कल्पना येते.

या पायावर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. रंगस्वामी शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख संशोधक होते आणि बार्शीची बाजू डॉ. भगवान नेने यांनी सांभाळली. खेड्यांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटात ग्रीवेतील स्रावाची पॅपिलोमा व्हायरसासाठी चाचणी, दुसऱ्यात कोशिकांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी, तिसऱ्यात अ‍ॅसिटिक अम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी करण्यात आली. चौथ्या गटास नेहमीचीच वैद्यकीय सेवा राहिली. तपासणी आयुष्यात एकदाच व्हावयाची होती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात या कर्करोगाने व्हायरस-चाचणीच्या गटातील ३४ व तपासणी न झालेल्या गटातील ६४ स्त्रिया दगावल्या. दोन्ही गटांची संख्या जवळजवळ सारखी होती. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत निश्चित म्हणता येईल अशी घट झाली नाही. व्हायरस नाही असे ज्यांच्याबाबत आढळले, त्यांच्यात पुढे कर्करोगाचे प्रमाण लाखामागे ३·७ इतकेच राहिले. कोशिका-तपासणीत निर्दोष ठरलेल्यांत ते १५·५ होते. एप्रिल २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अल्प साधनांच्या देशांतील तपासणीविषयी जगभर विचार बदलला.

चौथ्या गटावरून पुढे तीव्र वाद झाला. तपासणीचा उपयोग इतर देशांत आधीच सिद्ध झालेला असता हजारो स्त्रियांना तिच्यावाचून ठेवून मृत्यू मोजणे योग्य होते काय, असा आक्षेप घेण्यात आला. त्या काळी या खेड्यांत कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती, म्हणून कोणास काही नाकारले गेले नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु ज्ञान मिळाल्यावर ते त्याच खेड्यांत व त्यांच्यासारख्या इतर खेड्यांत कितपत पोहोचले, या कसोटीवर आक्षेप अधिक जड ठरतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ग्रीवेची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया २ टक्क्यांहूनही कमी आढळल्या. शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अ‍ॅसिटिक अम्लाने पाहणी सांगितलेली आहे. ही पद्धत उस्मानाबादेत फारशी फळली नव्हती. मुंबईतील वस्त्यांत मात्र सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी शालान्त शिक्षण झालेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी ती वापरली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले (२०१४). एकदाच केलेली पाहणी आणि पुनःपुन्हा केलेली पाहणी यांतील अंतर त्यावरून दिसते.

निदान व वैद्यकीय सल्ल्याची गरज : हातावरील साधी चामखीळ ओळखणे सोपे असते. तळपायावरची मात्र भोवरी समजून अनेकदा ब्लेडने तासली जाते. चामखिळीवर त्वचेच्या रेषा तुटलेल्या असतात, थर काढल्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात व दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यास ती दुखते. भोवरीत रेषा सलग असतात आणि वरून दाबल्यास वेदना होते. मधुमेही व्यक्तीने यांपैकी काहीही घरी कापू नये, कारण तिच्या पायाची जखम चिघळते. मोत्यासारखे, मध्ये खळगा असलेले मुलांच्या अंगावरील फोड निराळ्याच व्हायरसाचे असतात. सॅलिसिलिक अम्ल, द्रव नायट्रोजनाने गोठविणे व विद्युत्‌दहन हे चामखिळीचे प्रचलित उपचार आहेत. मुलांत काही न करता वाट पाहणेही योग्य ठरते.

रक्त येणारी, झपाट्याने वाढणारी, रंग बदलणारी किंवा न भरणारी गाठ, चेहऱ्यावरील किंवा गुप्तांगावरील वाढ, उतारवयात प्रथमच आलेली वाढ आणि अंगभर पसरणाऱ्या चामखिळी वैद्यास दाखविणे आवश्यक असते. शेवटचा प्रकार प्रतिकारशक्ती क्षीण झाल्याचे चिन्ह असू शकतो. कानाच्या पाळीवर व चेहऱ्यावर गाठी येऊन त्यांच्या जोडीला अंगावर बधिर चट्टे असतील, तर चामखिळीचा विचार सोडून कुष्ठरोगाची तपासणी करतात. हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. स्त्रियांच्या बाबतीत संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त जाणे हे लक्षण वाट पाहण्याचे नव्हे. पूर्वी अशा रुग्णांना खानदेशातून मुंबईची रेल्वे धरावी लागे. धुळ्यास १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व जळगावास २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाल्यामुळे निदानासाठी तरी जिल्हा सोडण्याचे कारण उरलेले नाही.

लस : पॅपिलोमा व्हायरसाविरुद्धची पहिली लस २००६ मध्ये आली. भारतात २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम (आता तेलंगणात) व गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत मुलींना ती देण्याचा प्रकल्प सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण पालकांची संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर दोष आढळले आणि लसीविषयीचा संशय दीर्घकाळ टिकला. त्याच सुमारास बार्शी, पुणे व मुंबई यांसह देशातील नऊ केंद्रांत दोन व तीन मात्रांची तुलना चालू होती, तीही अर्धवट थांबली. त्यामुळे अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. अनवधानाने तयार झालेल्या या गटात प्रकार १६ व १८ च्या टिकाऊ संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण आढळले (२०२१) आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेस मान्यता देताना ज्या पुराव्यांचा आधार घेतला त्यांत या मुलींचाही समावेश होता.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीस जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली व जानेवारी २०२३ मध्ये ती वापरात आली. तिच्यात व्हायरसाच्या बाह्य आवरणातील प्रथिन यीस्टमध्ये तयार करून वापरलेले असून जिवंत व्हायरस नसतो. प्रकार १६ व १८ यांच्या जोडीला जननेंद्रियांवरील चामखिळींचे प्रकार ६ व ११ यांचाही तिच्यात समावेश आहे. हातापायांवरील चामखिळींचे प्रकार कोणत्याही प्रचलित लसीत नाहीत. त्यामुळे लस घेतलेल्या मुलीच्या बोटावर चामखीळ उगवली, तर लस फसली असे होत नाही.